अक्षरे दिसतात, वाचता येत नाहीत

काही वर्षांपूर्वीचे एखादे मराठी सरकारी परिपत्रक पीडीएफ स्वरूपात संगणकावर उघडावे, वरच्या दोन ओळी निवडाव्यात आणि वर्डच्या कोऱ्या फाइलमध्ये चिकटवाव्यात. नशीब चांगले असेल तर जे दिसत होते तेच उमटते. पण पुष्कळदा 'महाराष्ट्र शासन' याऐवजी 'महारा शासन' येते आणि 'निर्णय'चे 'िनणर्य' झालेले असते. डोळस माणूस वैतागतो, दोन ओळी हाताने टाइप करतो आणि पुढच्या कामाला लागतो. तेच परिपत्रक स्क्रीन रीडरच्या आवाजात ऐकणाऱ्या अंध कर्मचाऱ्याला, विद्यार्थ्याला किंवा वकिलाला ही सोय नसते. दिसणारी प्रत त्याच्या कामाची नाही, आणि त्याच्या कानावर पडते ती मोडक्या शब्दांची प्रत.

हे घडते कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. अडोबी कंपनीने १९९३ साली पीडीएफ आणले ते कागदाच्या हिशेबाने. पान कोणत्याही यंत्रावर हुबेहूब तसेच दिसावे आणि तसेच छापले जावे, हा त्यामागचा हेतू. म्हणून पीडीएफमध्ये प्रामुख्याने असतात ते आकार आणि त्यांच्या पानावरच्या जागा. कोणता आकार म्हणजे कोणते अक्षर, याचा तक्ता फाइलमध्ये वेगळा ठेवावा लागतो. रोमन लिपीत साधारणपणे एक आकार म्हणजे एक अक्षर, त्यामुळे तिथे फार बिघडत नाही. देवनागरीत मात्र 'ष्ट्र' हा डोळ्यांना एकच आकार असतो आणि त्यामागे ष, ट, र आणि दोन हलंतचिन्हे अशी पाच चिन्हे असतात. तक्त्यात त्याची नोंद नसली की महाराष्ट्रातून 'ष्ट्र' गळतो. 'नि'मधली वेलांटी उच्चारात 'न'नंतर येते, पण कागदावर 'न'च्या आधी काढली जाते. 'र्ण'मधला रफार 'ण'च्या डोक्यावर असतो, म्हणून फाइल तो 'ण'नंतर मोजते आणि तो पुढच्या 'य'वर जाऊन बसतो. असा तयार होतो तो 'िनणर्य'.

त्याआधीची तऱ्हा याहून बिकट होती. कृतिदेव किंवा श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरांची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर चढवलेली असत. पडद्यावर सुंदर मराठी दिसे, संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच असे. कृतिदेवमध्ये टाइप केलेला 'मराठी' हा शब्द स्क्रीन रीडर ई-जे-के-बी-एच असा वाचतो. युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ साली, देवनागरीला स्वतःची जागा मिळाली होती. तरीही त्यानंतर कितीतरी वर्षे मराठीतली पुस्तके, दिवाळी अंक आणि स्मरणिका जुन्या फॉन्टमध्येच जुळवल्या जात राहिल्या, कारण डीटीपीवाल्याच्या बोटांना तोच कीबोर्ड बसला होता आणि छापून आलेल्या पानावर फरक दिसत नव्हता.

तिसरा प्रकार सगळ्यांत सार्वत्रिक. कारकून पत्र संगणकावर युनिकोडमध्येच टाइप करतो. मग त्याची प्रिंट निघते, साहेबांची सही होते, गोल शिक्का बसतो, कागद किंचित तिरका स्कॅनरवर ठेवला जातो आणि त्या स्कॅनची पीडीएफ संकेतस्थळावर चढते. संगणकावरच जन्मलेला मजकूर कागदावरून फिरून संगणकात परततो, तो नुसते चित्र होऊन. स्क्रीन रीडरला तिथे अक्षर सापडत नाही. फार तर तो कागद कोरा आहे असे सांगतो. शाळेची सूचना, सोसायटीची नोटीस आणि पाणीकपातीचे वेळापत्रक व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून फिरते तेव्हा हेच होते. त्या फोटोत फुलांची नक्षी असते, मागे रंगीत ढग असतात आणि पिवळ्या अक्षरांना लाल किनार असते. ज्याला कमी दिसते त्याच्या नशिबी तेही वाचणे नाही.

दिव्यांगांसाठी डिजिटल सोयी या विषयावर बोलताना आपल्याकडे चर्चा लगेच उपकरणांकडे वळते. कोणते ॲप आले, कुठला चष्मा बोलतो, कृत्रिम बुद्धिमत्ता काय चमत्कार करणार आहे, वगैरे. वास्तविक उपकरणांचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेला आहे. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ साली सुरू केलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो आणि मराठी वाचतो. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतोच, आयफोनमध्ये २००९ पासून व्हॉइसओव्हर आहे. अडते ते मजकूर तयार करणाऱ्याच्या टेबलावर. दस्तऐवज पहिल्यांदा टाइप होतो त्या घडीलाच तो कोणाला वाचता येणार आणि कोणाला नाही, हे ठरून जाते. नंतर त्याला कितीही ठिगळे लावली तरी ती महागात पडतात आणि कच्चीच राहतात.

हे फार आधी ओळखणारा माणूस पुण्यात वाढला. टी. व्ही. रामन यांची दृष्टी चौदाव्या वर्षी काचबिंदूने गेली. नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणित, मग आयआयटी मुंबई आणि तिथून अमेरिकेतले कॉर्नेल विद्यापीठ असा त्यांचा प्रवास. गणिताचे पुस्तक ऐकून वाचणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. मजकूर सरळ वाचत गेले तर 'एक्सचा वर्ग अधिक वाय' आणि 'एक्सचा (दोन अधिक वाय) इतका घात' यांतला फरक कानाला कळत नाही. डोळ्यांना तो आकड्याच्या उंचीवरून आणि आकारावरून क्षणात कळतो. रामन यांनी आपल्या प्रबंधासाठी 'ॲस्टर' नावाची प्रणाली रचली. हे त्यांच्या वाटाड्या कुत्रीचेही नाव. लेटेक या प्रणालीत लिहिलेल्या गणिती लेखनात सूत्राची रचना फाइलमध्येच नोंदलेली असते; कोणता भाग घात आहे, कोणता छेद आहे, हे तिथे स्पष्ट असते. ॲस्टर ती रचना आवाजात उतरवत असे. घातांक आला की आवाजाची पट्टी चढायची, खालची खूण आली की उतरायची. १९९४ साली या प्रबंधाला एसीएम या संगणकशास्त्राच्या मोठ्या संस्थेचा पुरस्कार मिळाला.

रामन यांनी पानाच्या छायाचित्राला आवाज देण्याची खटपट केली नाही. लेखकाने लिहिताना जी रचना मनात धरली होती, तीच त्यांनी वाचकापर्यंत पोचवली. सामान्य मराठी दस्तऐवजाला हे जसेच्या तसे लागू पडते. वर्डमध्ये शीर्षक देताना बहुतेक जण अक्षरे मोठी आणि ठळक करतात. डोळ्यांना ते शीर्षक वाटते, पण फाइलला मात्र तो नुसता जाड मजकूर. तिथेच उजव्या बाजूच्या 'हेडिंग' शैलीवर एक टिचकी दिली, तर स्क्रीन रीडरवर एच ही कळ दाबत वाचक साठ पानांच्या अहवालात शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारू शकतो. अन्यथा त्याला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळे ऐकत बसावे लागते. तक्त्यांचेही तसेच. जिल्हानिहाय आकडे तक्त्यात भरताना रकान्याचे नाव शीर्ष-ओळ म्हणून नोंदले असेल, तर आकड्यासोबत 'सातारा, महिला' असे ऐकू येते. तक्ता म्हणून स्पेसबारने रांगा पाडल्या असतील, तर आकड्यांचा नुसता ढिगारा कानावर पडतो.

या कामाचे नियम काही नवे नाहीत. संकेतस्थळांसाठीची डब्ल्यूसीएजी ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका १९९९ साली आली, २०२३ मध्ये तिची २.२ ही आवृत्ती निघाली. सुगम पीडीएफसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ पासून आहे. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात ते एकवीस झाले. छापील, दृक्-श्राव्य आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात मिळावा, दूरचित्रवाणीवर सांकेतिक भाषा, मथळे (म्हणजे बोललेले शब्द पडद्यावर अक्षरांत) आणि ध्वनिवर्णन असावे, ही जबाबदारी कायद्याने सरकारवर टाकली. २०१७ च्या नियमांनी आणखी नेमके सांगितले: संकेतस्थळावर ठेवायचा दस्तऐवज ईपब स्वरूपात असावा, नाहीतर ओसीआर झालेल्या, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून घेतलेल्या, पीडीएफमध्ये. म्हणजे तिरका स्कॅन चढवणे हा निव्वळ गलथानपणा नव्हता, तो नियमभंग होता. हे किती कार्यालयांतल्या किती टेबलांवर ठाऊक असेल, याचा अंदाज वाचकाने स्वतः करावा.

नियम होते, पण त्यांत दातच नव्हते. राजीव रतूडी यांनी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल आला, त्यात न्यायालयाने नेमके यावर बोट ठेवले. कायदा सक्ती करतो आणि नियम क्रमांक १५ मात्र नुसत्या शिफारशींची यादी देतो, म्हणून तो नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला गेला आणि तीन महिन्यांत बंधनकारक मानके आखण्याचा आदेश केंद्राला मिळाला. पुढच्याच वर्षी, ३० एप्रिल २०२५ रोजी, त्याच न्यायालयाने डिजिटल केवायसीबाबत निकाल दिला. बँकेचे खाते उघडताना 'डोळे मिचकावा' असे ॲप सांगते. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि पापण्या जळालेल्या स्त्रीने काय करावे? कॅमेऱ्याची चौकट दिसतच नाही अशा माणसाने चेहरा चौकटीत कसा आणावा? डिजिटल सेवा वापरता येणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि वीस निर्देश दिले. हा निकाल महत्त्वाचा वाटतो तो यासाठी की त्याने प्रश्न सोयीच्या आणि सवलतीच्या भाषेतून बाहेर काढला.

खर्चाचा आक्षेप मात्र नेहमीचाच, आणि तो झटकून टाकण्यासारखाही नाही. एखाद्या छोट्या संस्थेने तीस वर्षांची स्कॅन केलेली मासिके फुकट उपलब्ध करून दिली आहेत. उद्या कोणी तक्रार केली तर ती सगळी काढून टाकावी लागतील, मग नुकसान कोणाचे? अमेरिकेत असे प्रत्यक्ष घडले. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने हजारो व्याख्याने लोकांसाठी खुली ठेवली होती. त्यांना धड मथळे नाहीत, अशी तक्रार कर्णबधिरांसाठीच्या गॅलॉडेट विद्यापीठातल्या दोघांनी केली. २०१६ मध्ये अमेरिकी न्याय विभागाने तक्रारीत तथ्य असल्याचे कळवले, आणि मार्च २०१७ मध्ये बर्कलीने वीस हजारांहून अधिक ध्वनिचित्रफिती जनतेसाठी बंद करून टाकल्या. दिव्यांगांच्या हट्टापायी सगळ्यांचे नुकसान झाले, असा गवगवा तेव्हा झाला.

पण त्या वीस हजार फिती एका रात्रीत जमल्या नव्हत्या. वर्षानुवर्षे दर आठवड्याला नवे व्याख्यान चढवताना मथळ्यांचा विचार झाला नाही, म्हणून काम साचत गेले आणि त्याचा डोंगर झाल्यावर खर्चाचे कारण पुढे आले. २०२२ मध्ये त्याच विद्यापीठाने न्याय विभागाशी तडजोड केली आणि आपला मजकूर सर्वांना वापरता येईल असा करण्याचे मान्य केले. जुन्या संग्रहाला मुदत द्यावी, मागणी येईल तसे एकेक दुरुस्त करावे, हे म्हणणे रास्त आहे. आज टाइप होणाऱ्या पत्राला ती सबब नाही. हेडिंग शैली वापरायला पैसे लागत नाहीत. स्कॅन करण्याऐवजी डिजिटल सही केली तर उलट कागद वाचतो.

चित्रपट आणि मालिकांचे काम यापेक्षा अवघड आहे, हे मान्य करायला हवे. तिथे सोय म्हणजे खरोखर वेगळे लेखन असते. ध्वनिवर्णन लिहिणाऱ्याला दोन संवादांमधल्या तीन-चार सेकंदांत सांगायचे असते की नायिका पत्र न वाचताच चुलीत टाकते आहे. ते संवादावर चढता कामा नये, संगीताचा ठोका मोडता कामा नये आणि प्रेक्षकाने स्वतः काढायचा अर्थ आधीच सांगूनही टाकता कामा नये. 'ती दुःखी आहे' हे वाईट वर्णन. 'ती पदराचे टोक बोटाला गुंडाळते' हे चांगले. हे पटकथेच्या तोडीचे कसब आहे आणि मराठीत ते शिकवणारी, त्याचे पैसे देणारी व्यवस्था अजून उभी राहायची आहे.

या बाबतीत धक्का दिला तो न्यायालयानेच. जानेवारी २०२३ मध्ये 'पठाण' प्रदर्शित होण्याच्या तोंडावर दिल्ली उच्च न्यायालयाने निर्मात्यांना ओटीटीवरील प्रदर्शनासाठी हिंदी मथळे आणि ध्वनिवर्णन तयार करण्यास सांगितले. १५ मार्च २०२४ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांत दाखवायच्या चित्रपटांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि एकाहून अधिक भाषांत प्रमाणित होणाऱ्या चित्रपटांना त्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. मराठी चित्रपट बहुधा एकाच भाषेत निघतो, त्यामुळे त्याला दोन वर्षांची सवड मिळाली. आधीच खेळ मिळवण्यासाठी झगडणाऱ्या मराठी निर्मात्याला हा बोजा वाटणार. पण गेल्या दशकात झी टॉकीजवर मराठी चित्रपटांखाली मराठीच अक्षरे दाखवण्याचा प्रयोग झाला होता, तो नवसाक्षरांच्या वाचनाच्या सरावासाठी. त्या अक्षरांचा अडथळा कोणाला झाल्याचे ऐकिवात नाही.

मथळे दिले म्हणजे कर्णबधिरांचे काम झाले, हा समजही अपुरा आहे. उतारवयात ऐकू येईनासे झालेल्या आजोबांना मराठी मथळे पुरतात. जन्मतः कर्णबधिर असलेल्या आणि सांकेतिक भाषेतच वाढलेल्या मुलीसाठी मराठी ही दुसरी भाषा असते. मराठीचे व्याकरण सांकेतिक भाषेपेक्षा पार वेगळे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राने २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा कोश काढला आणि २०२१ पर्यंत तो दहा हजारांवर नेला. पूर आला, दरड कोसळली, साथ आली की मुख्यमंत्री बोलतात तेव्हा शेजारी दुभाषी उभा असणे ही त्या मुलीची गरज आहे, आणि कोपऱ्यातल्या टपाल तिकिटाएवढ्या चौकटीत त्याची बोटे दिसत नाहीत.

झटपट उपायांचा बाजारही तेजीत आहे. संकेतस्थळावर एक ओळ चिकटवा, उजव्या कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचे चिन्ह येईल आणि सगळे आपोआप सुगम होईल, असे विकले जाते. असेच दावे करणाऱ्या ॲक्सेसिबी या कंपनीला अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२५ मध्ये दहा लाख डॉलर भरायला लावले. दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे दरवर्षी तपासणाऱ्या वेबएम या संस्थेला त्याच वर्षी ९४.८ टक्के पानांत यंत्रालाही सापडतील अशा त्रुटी आढळल्या. कृत्रिम बुद्धिमत्ता चित्राचे वर्णन करते, दिवसेंदिवस बरे करते. तिची मदत घ्यायला हरकत नाही. पण बाजारभावाच्या लेखातल्या आलेखाखाली ती 'निळ्या रेषेचा आलेख' असे लिहून मोकळी होऊ शकते. तो आलेख लेखात कशासाठी आला, हे लेखकालाच ठाऊक असते. एक वाक्य लिहायचे ते त्यानेच.

या सगळ्याच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद हमखास केला जातो: सुगम दस्तऐवजाचा फायदा सगळ्यांनाच होतो. तो खरा आहे. युनिकोडमधला मजकूर शोधता येतो, भाषांतरात घालता येतो, मोबाइलवर मोठा करता येतो. मराठी विश्वकोश शोधयंत्राला सापडतो तो त्यामुळेच. स्कॅनच्या ढिगाऱ्यात गेलेली मराठी कोणालाच सापडत नाही, संशोधकालाही नाही. तरीही या युक्तिवादावर फार भिस्त ठेवू नये. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले, त्यांतले सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात. बाकीच्या कोणाला कवडीचाही लाभ झाला नसता तरी त्यांचा वाचण्याचा हक्क तेवढाच राहिला असता. पुण्या-मुंबईच्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांत अनेक मराठी तरुण अमेरिकी आणि युरोपीय ग्राहकांची संकेतस्थळे सुगमतेच्या निकषांवर तपासून देतात. जून २०२५ पासून युरोपात तसा कायदाही लागू झाला आहे. कसब आपल्याकडे आहे, फक्त ते मराठीसाठी मागवले जात नाही.

पुस्तकांच्या बाबतीत तर कायद्याचा अडसरही उरलेला नाही. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन दिव्यांगांसाठी कोणतेही पुस्तक वाचता येईल अशा स्वरूपात, नफा न कमावता, रूपांतरित करण्याची मोकळीक मिळाली. अंध वाचकांना पुस्तके मिळावीत यासाठीच्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश, तेही २०१४ मध्येच. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय चालू आहे. आणि तरीही मराठी कादंबरी तिथे पोचवायची तर स्वयंसेवक छापील प्रत विकत घेतात, तिचा पुठ्ठा आणि शिवण सोडवतात, पानन् पान स्कॅन करतात, ओसीआरने चुकवलेली जोडाक्षरे महिना महिना बसून दुरुस्त करतात. त्याच कादंबरीची बिनचूक फाइल या सगळ्या वेळात प्रकाशकाच्या संगणकात पडून असते.

मराठी प्रकाशकांनी, साहित्य संस्थांनी आणि दिवाळी अंकांच्या संपादकांनी ही फाइल छापखान्यात पाठवतील त्याच दिवशी सुगम्य पुस्तकालयालाही पाठवावी. युनिकोडमध्ये जुळवून घ्यावी, शीर्षके शैलीने द्यावीत, आणि छापखान्याशी होणाऱ्या करारात तशी एक ओळ घालावी. या वर्षीच्या दिवाळी अंकांपासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही.